बारा कोंबड्या, पातळ कवच आणि संध्याकाळचा मका

प्रश्न थोडक्यात असा आहे: साधारण दहा महिन्यांच्या १२ कोंबड्या. सकाळी ९०० ग्रॅम लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीचं तयार भरड खाद्य), संध्याकाळी ४०० ग्रॅम मक्याचा भरडा, शिवाय स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं. आधी दिवसाला ९-१० अंडी मिळायची, आता ६-७ मिळतात, आणि कवच इतकं पातळ की उचलतानाच तडा जातो. मॅशच्या पोत्यावर कॅल्शियम ३.८ टक्के लिहिलंय, मग ते कमी कसं पडतं? आणि कोंबडीला नक्की द्यायचं तरी किती?

मॅशमध्ये खोट दिसत नाही. तो मक्यामुळे पातळ होतोय. कसं ते आकड्यांत बघू, कारण एकदा हे गणित डोक्यात बसलं की खाद्याचे निम्मे प्रश्न स्वतःचे स्वतःला सोडवता येतात.

अंड्यावर असलेली हलक्या जातीची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते ११५ ग्रॅम कोरडं खाद्य खाते, जड जातीची १२० ते १४०. ऊर्जेची गरज भागली की ती खायची थांबते. मका म्हणजे जवळजवळ निव्वळ ऊर्जा. त्यामुळे मका खाल्ला की तेवढा मॅश ती कमी खाते. ‘वरून थोडं जास्तीचं’ असं काही कोंबडीच्या बाबतीत नसतं; जे घालाल ते कशाच्या तरी जागी जातं.

तुमच्या १२ कोंबड्यांत ९०० ग्रॅम मॅश म्हणजे प्रत्येकीला ७५ ग्रॅम, आणि ४०० ग्रॅम मका म्हणजे ३३ ग्रॅम. मॅशमध्ये प्रथिनं १७ टक्के धरली तर त्यातून पावणेतेरा ग्रॅम मिळतात, मक्यातून जेमतेम तीन. एकूण साडेपंधरा-पावणेसोळा ग्रॅम. हीच कोंबडी ११० ग्रॅम नुसता मॅश खाती तर तिला पावणेएकोणीस ग्रॅम मिळाली असती. ऊर्जा मात्र दोन्हीकडे जवळपास सारखीच, उलट मक्याच्या बाजूला थोडी जास्तच. म्हणजे अंडी कमी आणि अंगावर चरबी, असा दुहेरी तोटा.

कॅल्शियमचं गणित आणखी वाईट आहे. ७५ ग्रॅम मॅशमधून २.८५ ग्रॅम कॅल्शियम मिळतं. मक्यात ते जवळजवळ नसतंच. खाल्लेल्या कॅल्शियमपैकी साधारण निम्मंच कवचापर्यंत पोचतं, म्हणजे १.४ ग्रॅमच्या आसपास. ६० ग्रॅमच्या अंड्याचं कवच साडेपाच-सहा ग्रॅमचं असतं आणि त्यात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. उरलेलं ती हाडांतून काढते. अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या लांब हाडांच्या पोकळीत यासाठीच एक खास साठा तयार होतो, पण तो रात्रीपुरता आधार असतो, महिनोन्महिने पुरणारा नाही. साठा आटला की आधी कवच पातळ होतं, मग मऊ अंडी पडतात, आणि तरीही दुर्लक्ष झालं तर कोंबडी पायांत जोर नसल्यासारखी बसून राहते.

आता काय करायचं. १२ कोंबड्यांना रोज १२५० ते १३०० ग्रॅम मॅश. धान्य, उरलंसुरलं, खाऊ म्हणून टाकलेलं काहीही, सगळं मिळून कोरड्या वजनात १२० ग्रॅमच्या आत, म्हणजे कोंबडीमागे जास्तीत जास्त १० ग्रॅम. आपली मूठ एकदा तराजूवर टाकून बघा; अंदाजापेक्षा बरीच जास्त भरते. पहिले तीन आठवडे तर मका पूर्ण बंद ठेवलात तरी चालेल. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम समोर ठेवा.

मॅशचे दोन भाग करा: सकाळी उजाडताच ५०० ग्रॅम आणि दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास उरलेला. दुपारचा भाग मुद्दाम मोठा ठेवायचा. अंड्यावर कवच चढायला १८ ते २० तास लागतात आणि यातला मुख्य भाग रात्री होतो, कोंबडी झोपलेली असताना. त्या वेळी पोटात कॅल्शियम असायला हवं. सकाळी खाल्लेला बारीक चुनखडीचा पिठूळ चुरा रात्रीपर्यंत टिकत नाही, केव्हाच पुढे सरकलेला असतो. २ ते ४ मिलिमीटरचे शिंपल्याचे किंवा चुनखडीचे कण मात्र पेटीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या त्या जाड स्नायूच्या पोटात, अडकून राहतात आणि रात्रभर हळूहळू विरघळतात. म्हणून चुरा घेताना बोटांत चोळून बघा. पावडर लागली तर तो या कामाचा नाही. तांदळाच्या कणीएवढा किंवा थोडा मोठा हवा.

चुरा मॅशमध्ये मिसळू नका. ज्या कोंबडीच्या पोटात त्या दिवशी अंडं तयार होतंय ती संध्याकाळी आपणहून चुऱ्याकडे जाते, जिच्या पोटात नाही ती फारशी जात नाही. मिसळून दिलं की ही निवड तिच्या हातून जाते, शिवाय कोंबड्यालाही नको तेवढं कॅल्शियम पोटात जातं. शिंपल्याचा चुरा मिळत नसेल तर घरची अंड्यांची टरफलं वापरता येतात. धुऊन, भट्टीत किंवा तव्यावर चांगली कडक भाजून, हातानं चुरडून, अंड्याचा आकार ओळखू येणार नाही इतकी बारीक करायची.

इथे एक गल्लत नेहमी होते. शिंपल्याचा चुरा आणि दाणे दळायला लागणारे खडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिंपला पोटातल्या आम्लात विरघळतो, त्याने दळण होत नाही. आख्खं धान्य किंवा गवत खाणाऱ्या कोंबडीला गारगोटीचे, न विरघळणारे ३-५ मिलिमीटरचे खडे लागतात. कोंबड्या मोकळ्या जमिनीवर फिरत असतील तर ते त्या स्वतः शोधतात. सिमेंटच्या फरशीवर बंद असतील आणि धान्य-पाला खात असतील तर एका वाटीत ठेवावे लागतात. फक्त मॅश खाणाऱ्यांना त्यांची गरज नाही.

सुधारणा कधी दिसेल? कवचात आठवड्या-दोन आठवड्यांत फरक पडतो. अंड्यांच्या संख्येला वेळ लागतो, कारण अंडाशयातला बलक पूर्ण वाढायलाच दहाएक दिवस जातात. तीन-चार आठवडे थांबा. सुधारणा डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका. आठवड्यातून एकदा चार-पाच अंडी वापरल्यावर त्यांची टरफलं आतली ओल पुसून उन्हात पूर्ण वाळवा आणि एकत्र तोला. ६० ग्रॅमच्या अंड्याचं वाळलेलं टरफल साडेपाच ग्रॅमच्या पुढे असेल तर ठीक, पाचच्या खाली असेल तर अजून कमी पडतंय. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पुरतो, म्हणूनच एकाऐवजी पाच टरफलं एकत्र तोलायची.

मॅश वापरत असाल तर आणखी एक गोष्ट बघा. फीडरमध्ये संध्याकाळी तळाशी पिवळसर-पांढरी बारीक भुकटी उरते का? कोंबडीला मोठे कण उचलायला आवडतात. ती आधी मक्याचे तुकडे वेचते, मग सोयापेंडेचे, आणि जीवनसत्त्वं, मीठ, मेथिओनिन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक), खनिजं ज्या भुकटीत असतात ती खाली राहते. आपण त्यावर नवा मॅश ओततो. आठवडाभर असं चाललं तर कोंबडीने पोत्यावर लिहिलेलं खाद्य खाल्लेलंच नसतं, तिने मका खाल्लेला असतो. म्हणून दुपारी दोन-अडीचच्या सुमारास तासभर फीडर खरोखर रिकामा झाला पाहिजे, आणि नवं खाद्य तळ साफ झाल्यावरच घालायचं. भुकटी फारच उरत असेल तर ती टाकून देऊ नका. थोडं पाणी शिंपडून, हातात मुटका वळेल इतपत ओलसर करून द्या, चाटून-पुसून खातात. मात्र ओला मॅश दोन-तीन तासांत संपला नाही तर उचलायचा. गरम हवेत तो आंबतो, आणि कडेला चिकटलेल्या थराला बुरशी येते. पेलेट (खाद्य दाबून केलेल्या गोळ्या) किंवा क्रंबल (त्याच गोळ्यांचा चुरा) यांत हा निवडीचा प्रश्न येत नाही. थोडक्या कोंबड्यांसाठी मला क्रंबल जास्त सोयीचं वाटतं. तोटा एवढाच की ते पटकन खाऊन होतं, आणि बंद जागेतल्या कोंबड्या रिकामपणी एकमेकींची पिसं टोचायला लागतात.

फीडरची जागा मोजा. लांब पन्हाळीत कोंबडीमागे १० सेंटिमीटर कड लागते, गोल टांगत्या फीडरला ४-५ सेंटिमीटर पुरते. १२ कोंबड्यांना ४० सेंटिमीटर व्यासाचा एक गोल फीडर जागेच्या हिशेबाने भरपूर होतो, तरीही दोन लहान फीडर लांब-लांब टांगणं चांगलं, कारण एकाच फीडरवर दांडगी कोंबडी पहारा देते आणि खालच्या पायरीवरच्या दोघी-तिघी उपाशी राहतात. कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला यायला हवी, आणि भांडं अर्ध्याच्या वर भरू नये. काठोकाठ भरलं की त्या चोचीने खाद्य बाहेर उडवतात. एकूण खाद्य कोंबडीमागे १५०-१६० ग्रॅमवर जात असेल तर ते कोंबड्यांच्या पोटात जात नाहीये. उंदीर, चिमण्या किंवा सांडणं, यांतलं काहीतरी आहे. दोन रात्री फीडर उचलून बंद डब्यात ठेवा, खप उतरला की चोर सापडला.

कोणती कोंबडी पोटभर खाते हे कळायला सोपी खूण आहे. अंधार पडल्यावर त्या बसल्या की एकेकीच्या छातीवर, मानेच्या मुळाशी, किंचित उजवीकडे बोटं लावा. अन्नपिशवी भरलेली, गोल आणि दाबली तर थोडी दबणारी लागली पाहिजे. रिकामी लागली तर ती कोंबडी मार खातेय किंवा आजारी आहे. सकाळी खाद्य घालण्याआधी पुन्हा बघा, तेव्हा पिशवी रिकामी हवी. सकाळीही कडक गोळा असेल तर लांब गवत अडकलंय. पाणी भरल्यासारखी मऊ असेल आणि चोचीला आंबूस वास येत असेल तर आत किण्वन चाललंय. लांब गवताचे पुंजके टाकण्याऐवजी बोटभर लांबीचे कापून द्यावं, ते यासाठी. हात लावलाच आहे तर छातीचं हाडही चाचपा. दोन्ही बाजूंना मांस असावं आणि हाडाची कड बोटाला जेमतेम जाणवावी. सुरीसारखी टोचली तर कोंबडी खंगलीय, अजिबात सापडली नाही तर चरबी चढलीय. मक्यावर पोसलेल्या जाड कोंबड्या कधी कधी एके सकाळी खुराड्यात मरून पडलेल्या सापडतात, तुरा पांढुरका. यकृतात चरबी साचून आतल्या आत रक्तस्राव झालेला असतो. लोक ती विषबाधा समजतात.

पाण्याबद्दल कोणी विचारत नाही, आणि अंडी एकदम कमी झाली तर मी पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतो. खाल्लेल्या खाद्याच्या साधारण दुप्पट पाणी लागतं, म्हणजे कोंबडीमागे २०० ते २५० मिलिलिटर, कडक उन्हाळ्यात ४०० च्या पुढे. १२ कोंबड्यांना एरवी तीन लिटर, उन्हाळ्यात पाच-सहा. कवच सोडलं तर अंडं तीन-चतुर्थांश पाणीच असतं. एक पूर्ण दिवस पाणी मिळालं नाही तर अंडी घसरतात, आणि दीड-दोन दिवस तसंच राहिलं तर पिसं गळायला लागून महिना-दोन महिने अंडी बंदही होतात. भांडं रोज आतून घासा, नुसतं विसळून बुळबुळीत थर जात नाही. पाण्यात व्हिनेगर घालायची सध्या टूम आहे. त्याचा मोठा फायदा मला दिसलेला नाही, पण जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या भांड्यात ते घालू नका, जस्त पाण्यात उतरतं.

घरचं खाद्य स्वतः बनवायचं असेल तर २५ किलोची मात्रा खाली देतोय. १२ कोंबड्यांना ती १९-२० दिवस पुरते.

पिवळा मका, भरडलेला: १४ किलो २५० ग्रॅम
सोयापेंड, प्रथिनं ४५-४६ टक्के: ५ किलो ७५० ग्रॅम
तांदळाचा कोंडा: २ किलो
चुनखडी: २ किलो ३७५ ग्रॅम, यातली निम्मी तरी २-४ मिलिमीटरच्या कणांची
डायकॅल्शियम फॉस्फेट: ३७५ ग्रॅम
मीठ: ८५ ग्रॅम
मेथिओनिन: ३० ग्रॅम
लेयरसाठीचं जीवनसत्त्व-खनिज प्रीमिक्स: पाकिटावरच्या मात्रेप्रमाणे, साधारण १२५ ग्रॅम

यातून प्रथिनं १७ टक्क्यांच्या आसपास, कॅल्शियम ४ टक्के आणि किलोमागे साधारण २,६०० किलोकॅलरी ऊर्जा बसते. मिसळण्याचा क्रम महत्त्वाचा. मेथिओनिन, मीठ आणि प्रीमिक्स आधी एक किलो मक्याच्या पिठात हाताने एकजीव करायचं, ते पाच किलो भरड्यात, आणि मग ते सगळ्या ढिगात. ३० ग्रॅम पावडर थेट २५ किलोवर शिंपडली तर एका कोंबडीला दहा दिवसांची मात्रा जाते आणि दुसरीला काहीच नाही. ढीग ताडपत्रीवर फावड्याने किमान सहा-सात वेळा पालटा. मका बारीक पीठ करू नका. भरड ठेवा, पीठ चोचीला चिकटतं आणि कोंबड्या खायचा कंटाळा करतात.

पोत्यातलं परवडत नाही म्हणून घरी बनवताना लोक नेमक्या शेवटच्या तीन ओळी गाळतात, कारण त्या किरकोळ दिसतात. मेथिओनिन गाळलं की आधी अंड्याचा आकार लहान होतो, मग कोंबड्या एकमेकींची पिसं खायला लागतात. प्रीमिक्स गाळलं तर डी३ जीवनसत्त्व जातं, आणि डी३ शिवाय कितीही शिंपला खाल्ला तरी कॅल्शियम आतड्यातून रक्तात जात नाही. बंद जागेतल्या, ऊन न मिळणाऱ्या कोंबड्यांत हे लवकर दिसतं. मीठ गाळलं तर टोचाटोची आणि अंडी कमी. मीठ जास्त पडलं तर पातळ विष्ठा, ओलं अंथरूण आणि पाण्याचा खप वाढलेला. म्हणूनच खारवलेली सुकी मासळी कुटून घालायची असेल तर त्यातलं मीठ धरून वरचं मीठ कमी करावं लागतं, आणि मासळी ५ टक्क्यांच्या वर नेली तर अंड्याला वास येऊ शकतो.

सोयाबीन घरचं असलं तरी कच्चं कधीही घालू नका. त्यात प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनला रोखणारा घटक असतो. कोंबडी खाते, पण तिला लागत नाही, आणि स्वादुपिंड सुजतं. नीट भाजलेलं किंवा उष्णतेची प्रक्रिया झालेली पेंडच हवी. सरकी पेंडेने बलक हिरवट-तपकिरी होतो. मोहरीची पेंड तपकिरी अंडी देणाऱ्या काही जातींत अंड्याला मासळीसारखा वास आणते. भुईमुगाची पेंड प्रथिनांनी चांगली, पण बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, सगळ्यात जास्त तिथे आणि ओलसर मक्यातच सापडतं. आणि गुरांचं खाद्य कोंबड्यांना देऊ नका. त्यात युरिया असू शकतो, जो गाईच्या पोटातले जंतू वापरतात. कोंबडीला त्याचा काही उपयोग नाही, अपाय आहे.

बुरशीवर थोडं सविस्तर सांगायला हवं. मक्यात ओलावा १३ टक्क्यांच्या वर असला की साठवणीत बुरशी धरते. दाणा दाताखाली कडक ‘टच्’ आवाजाने फुटला पाहिजे. दबला किंवा चिवट लागला तर ओला आहे. गाठी, हिरवट-करडी भुकटी, कोंदट वास, यांतलं काही दिसलं तर ते पोतं कोंबड्यांना नाही. उन्हात वाळवून किंवा शिजवून चालवू म्हणाल तर बुरशी मरते, विष जसंच्या तसं राहतं. असं खाद्य खाल्लं तर कोंबडी लगेच मरत नाही, म्हणून धोका कळत नाही. खाणं कमी होतं, अंडी हळूहळू उतरतात, यकृत खराब होतं, लसीचा परिणामही कमी पडतो. पोती जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. तयार केलेलं किंवा आणलेलं खाद्य चार-सहा आठवड्यांत संपवा, उष्ण-दमट हवेत त्याहून लवकर. कोंड्यातलं तेल खवट होतं आणि जीवनसत्त्वंही कमी होत जातात, त्यामुळे सहा महिन्यांचं स्वस्तात उचलणं महागात पडतं.

स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्याला माझा विरोध नाही, प्रमाणाला आहे. शिजलेला भात किंवा पाव मक्याचाच भाऊ, तेवढीच पातळाई. भाजीचा पाला मात्र वेगळा. त्यात नव्वद टक्के पाणी असतं, त्यामुळे तो मॅशची जागा फारशी घेत नाही, बलकाला रंग देतो आणि बंदिस्त कोंबड्यांना चाळा मिळतो. जुडी बांधून डोक्याच्या उंचीवर टांगा, कोंबडीमागे २०-३० ग्रॅमपर्यंत. पालक रोज नको. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. अझोल्याची, म्हणजे पाण्यावर तरंगत वाढणाऱ्या त्या बारीक वनस्पतीची, फार तारीफ होते, पण ओल्या अझोल्यातही नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. शंभर ग्रॅम ओला अझोला म्हणजे हाती लागतात जेमतेम दीडेक ग्रॅम प्रथिनं. पाला म्हणून द्या, मॅशच्या बदली नको. अव्होकॅडोचं साल आणि बी, कच्चा राजमा, हिरवट पडलेल्या बटाट्याची सालं, चॉकलेट, लोणच्यासारखं खारट काहीही, आणि बुरशी आलेला पाव, हे अजिबात नको.

बलकाचा रंग फिका झाला म्हणून खाद्य वाईट, असं नसतं. रंग पिवळा मका, हिरवा पाला, झेंडूच्या पाकळ्या यांतल्या रंगद्रव्याचा. मक्याऐवजी पांढरी ज्वारी, तांदूळ किंवा गहू वापरला की बलक फिका होतो, पोषण तेवढंच राहतं.

वयाप्रमाणे खाद्य बदलतं, आणि मिश्र वयाच्या कळपात इथेच घोळ होतो. पहिले आठ आठवडे स्टार्टर, प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास. मग १६-१७ व्या आठवड्यापर्यंत ग्रोअर, प्रथिनं १५-१६ टक्के, कॅल्शियम १ टक्का. तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, लेयरचं खाद्य लवकर सुरू केलं तर जास्तीचं कॅल्शियम बाहेर टाकताना मूत्रपिंडं खराब होतात, आणि तो बिघाड पुढे भर अंड्यांच्या काळात जीव घेतो. उशिरा सुरू केलं तर पहिल्या अंड्यांसाठीच हाडं झिजतात. १७-१८ वा आठवडा किंवा पहिलं अंडं, जे आधी येईल तेव्हा बदला, तेही आठवडाभर दोन्ही मिसळत मिसळत. तलंगा, कोंबडा आणि अंड्यावरच्या कोंबड्या एकाच खुराड्यात असतील तर सगळ्यांना ग्रोअर आणि शिंपला वेगळा, हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. ज्या ग्रोअरवर कॉक्सिडियाविरोधी (आतड्यातल्या परजीवींवरचं) औषध घातल्याचं लिहिलंय तो अंडी देणाऱ्यांना देऊ नका, औषधाचा अंश अंड्यात उतरू शकतो.

उन्हाळ्यात सगळी गणितं हलतात. कोंबडीला घाम येत नाही, ती धापते. धापताना कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्तातलं बायकार्बोनेट घटतं, आणि कवच बनायला नेमकं तेच लागतं. त्यात ती खातेही कमी, ११० वरून ९० ग्रॅमवर सहज येते. म्हणजे खाद्य तेच राहिलं तरी कॅल्शियम आणि प्रथिनं दोन्ही घटली. उपाय हा की खाणं गार वेळेत हलवायचं. पहाटे उजाडण्याआधी थोडा दिवा लावून आणि संध्याकाळी उशिरा द्या. दुपारी अकरा ते चार खाद्य हलवूसुद्धा नका, कारण पचनाची उष्णता खाल्ल्यावर काही तासांनी अंगात वाढते, भर उन्हातच. पाणी सावलीत आणि गार असू द्या, कोमट पाणी त्या पीत नाहीत. १८ टक्के प्रथिनांचं खाद्य या दिवसांत योग्य.

पिसं गळण्याच्या काळात, साधारण आठ ते बारा आठवडे, अंडी बंद होतात किंवा अगदी कमी होतात. हे खाद्याने रोखता येत नाही आणि रोखूही नये. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिन, त्यामुळे या दिवसांत १८-२० टक्के प्रथिनांचं खाद्य द्या. शिंपला समोर राहू द्या, अंडं नसलेली कोंबडी तो फारसा खात नाही. खुडूक बसलेली कोंबडी दिवसाकाठी एकदाच उतरते. तिला मॅश आणि पाणी घरट्याजवळ ठेवा, नाहीतर ती खंगून उठेल.

शेवटी, सगळं सुधारूनही चार आठवड्यांत फरक पडला नाही तर खाद्याच्या बाहेर बघा. दिवस लहान होत चालला असेल तर उजेड १४ तासांच्या खाली जातो आणि अंडी कितीही खाद्य घातलं तरी कमी होतात. पहाटे दिवा लावून १५-१६ तासांपर्यंत न्या आणि मग कमी करू नका. रात्री टॉर्च घेऊन खुराड्याच्या फळीखाली आणि सांध्यांत बघा, लाल माइट दिवसा लपतात, रात्री रक्त पितात. विष्ठेत जंत तपासून घ्या. कवच सुरकुतलेलं, वेडंवाकडं आणि अंड्यातला पांढरा भाग पाण्यासारखा पातळ असेल, जोडीला शिंका किंवा घशात घरघर असेल, तर तो श्वसनाचा विषाणुजन्य आजार असण्याची शक्यता जास्त. पशुवैद्याला दाखवा, मॅशचं पोतं बदलून काही होणार नाही. आणि १२ पैकी एकच कोंबडी मऊ अंडी घालत असेल, बाकीच्यांची कवचं टणक असतील, तर दोष बहुधा तिच्या कवचाच्या ग्रंथीत आहे, तिच्यासाठी सगळ्यांचं खाद्य बदलू नका.